‘गेलो’ हे बटण

जुलैमधला दुसरा शनिवार, दुपारी दोन. जागा: आंबीतल्या एका रसायनांच्या कारखान्याचं फाटक. हजर: मी, माझ्या हाताखाली नव्याने आलेली टेस्टर, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, फाटकावरचे आबा. आमचा प्रोग्रामर पुण्यात, फोनवर.

वहीत एवढं लिहिलं आणि पेनचं टोपण चावत बसले. बसले म्हणजे दोन मिनिटं. मग उठून फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत राहिले. सकाळी लोणावळ्याहून निघाले तेव्हाच पिशवीतला एक कागद मी तीनदा चाचपून पाहिला होता. ‘तपासणी पूर्ण’ असं वर छापलेलं, खाली माझ्या सहीची जागा. सोमवारपासून कारखान्याचं कागदी रजिस्टर बंद होऊन आमचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं, ते त्या सहीवर.

काम दिसायला साधं. फाटकाशी भिंतीवर टॅब्लेट. कार्ड लावायचं, नाव दिसलं की दोनपैकी एक बटण दाबायचं: हिरवं ‘आलो’, लाल ‘गेलो’. गॅसगळतीचा भोंगा वाजला की आत राहिलेल्या माणसांची यादी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या फोनवर. माझ्याकडे त्याच्या दोनशेच्या वर चाचण्या होत्या. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीपुढे हिरवी खूण. तरीही सही होत नव्हती, कारण गेले दोन आठवडे सॉफ्टवेअर रजिस्टरच्या जोडीने चालवून बघत होतो आणि रोज पाळी सुटल्यावर यादीत तीन-चार नावं आत उरत होती. माणसं घरी, नावं आत. प्रोग्रामर म्हणायचा, दाबायला विसरतात, त्याला आपण काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती नावं हाताने काढून टाकायचा. कारखान्याने सूचना लावली. नावं उरतच राहिली.

त्या नावांचं ओझं कोणावर, ते अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत हसत सांगितलं होतं. मागे एका सरावात रजिस्टरमध्ये एक नाव जास्त निघालं. तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेचा सिलिंडर चढवून ते आत गेले आणि कोपरान् कोपरा शोधत राहिले. ज्याला शोधत होते तो तळेगाव स्टेशनाबाहेर वडापाव खात होता. सिलिंडर अर्ध्या तासाचा. त्या दिवशी गॅस नव्हता म्हणून गोष्ट हसण्यावारी गेली. खरा गॅस असला तरी नियम तोच. यादीत नाव असलं की ते आत जाणार.

टेस्टर माझ्याच वयाची. पूर्वी शाळेत गणित शिकवायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला बाई म्हणतात. तिला सांभाळायचं कसं, हे मला सुरुवातीला कळेना. मी क्रमांक पहिला, दुसरा, तिसरा अशी चालणारी. ती यादी बाजूला ठेवून आधी विचारायची, हे चुकलं तर लागेल कोणाला? ज्याला सगळ्यात जास्त लागेल तिथून सुरुवात करायची आणि मग वाट फुटेल तशी जायची. संध्याकाळी मी विचारायचे, किती झालं? ती म्हणायची, माहीत नाही, पण दोन गोष्टी सापडल्या. असल्या उत्तराने माझी झोप जायची. शेवटी आमचा समझोता झाला. काय शोधायचं ते आधी एका ओळीत लिहायचं, वेळ दीड तास, मधे मी बोलायचं नाही. नंतर पंधरा मिनिटांत तिने सांगायचं, काय पाहिलं आणि काय पाहायचं राहिलं. याला आम्ही शोधफेरी म्हणतो. ‘राहिलं’ हा रकाना माझ्या आग्रहाने आला, आणि मला सगळ्यात जास्त छळतो तोही तोच.

त्या दिवशीची तिची ओळ: ‘बाहेर पडलेला माणूस यादीत आत कसा उरतो?’ चाचण्या एकही नाही, नुसतं फाटकाशी बसून बघणार. ती आबांच्या शेजारी स्टुलावर बसली आणि त्यांच्याकडचे शेंगदाणे खाऊ लागली. मी घड्याळ पाहत होते.

तीनला पाळी सुटली. रेनकोट, डबे, ओली बोटं. एकाने लाल बटण तीनदा दाबलं तेव्हा कुठे ते लागलं. मला हायसं वाटलं. ओलं बोट, स्क्रीनला कळत नाही, यंत्रातला दोष. मी लगेच लिहायला घेतलं आणि अधिकाऱ्यांना सांगूनही टाकलं की वर एक पत्रा लावा, खाली फडकं ठेवा, झालं. बाईकडे पाहिलं तर तिचं लक्षच नव्हतं. ती बोटांकडे न बघता माणसांच्या तोंडाकडे बघत होती.

मग कॅन्टीनच्या मावशी आल्या. आबांना म्हणाल्या, “येते वो आबा,” कार्ड लावलं आणि हिरवं बटण दाबून निघाल्या.

बोलायचं नाही हे विसरून मी म्हणाले, “मावशी, चुकलं. जाताना लाल.”

“चुकलं न्हाई,” मावशी थांबल्या. “त्या लालवर काय लिवलंय, वाचलं का? गेलो. घरी नातवंडं हायेत माजी. रोज आपल्या हातानं गेलो म्हनून दाबू व्हय? आन ते बी बाप्यावानी.”

आबा खोकल्यासारखं हसले. “दाब की. दाबलं की फोटू येतोय, हार घातल्याला.”

“तुमी दाबता का?”

“म्या कशाला दाबीन? म्या हितंच आसतोय.”

बाईने मावशींना बसायला जागा केली आणि विचारलं, मग हिरवं का? मावशींनी तिच्याकडे शाळेतल्या मठ्ठ पोरीकडे बघावं तसं पाहिलं. घरातनं निघताना कुणी जाते म्हणतं का? येते म्हणतात. तिथे ‘येते’ नव्हतं, त्यातल्या त्यात जवळचं ‘आलो’ होतं. जुनी सगळी माणसं असंच करतात, नवी पोरं काय, न वाचता दाबतात. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मी फोनवर गेल्या दोन आठवड्यांत उरलेली नावं काढली. आबांना वाचून दाखवली. सगळी जुनी माणसं. आबा प्रत्येक नावाला मान हलवत होते.

आता एकच कळत नव्हतं. आत असलेल्या माणसाने पुन्हा ‘आलो’ दाबलं तर सॉफ्टवेअर ओरडत कसं नव्हतं? मी चाचण्यांची यादी उघडली आणि उत्तर तिथेच सापडलं. सत्तेचाळिसावी चाचणी. ‘आत असलेल्याने पुन्हा आलो दाबल्यास दुसरी नोंद घेऊ नये, संदेश दाखवू नये.’ मीच लिहिलेली, मीच तपासलेली, पुढे हिरवी खूण. मावशी रोज निघताना सांगत होत्या आणि ते न ऐकण्याची सोय मी नीट करून ठेवली होती.

मी लोणावळ्यात जन्मले. आजही घरातून निघताना येते म्हणते. त्या सकाळीही म्हणाले होते. तरी ‘गेलो’ हा शब्द बटणावर चार महिने बघून मला काही खटकलं नव्हतं.

प्रोग्रामरला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला की शब्द बदलणं पाच मिनिटांचं काम, ‘आत’ आणि ‘बाहेर’ करू. मावशींना विचारलं, “‘बाहेर’ दाबाल का?” त्या म्हणाल्या, “दाबीन की, त्यात काय वंगाळ हाय?” आणि बसला उशीर होतोय म्हणत गेल्या. म्हणजे, येते म्हणून गेल्या.

मी कागद बाहेर काढला. कारण सापडलं, उपाय ठरला, आता सही. पेन हातात असताना अधिकारी जवळ आले. हसत नव्हते.

“मॅडम, एक सांगा. सोमवारी भोंगा वाजला आणि यादीत कोणीच नसलं, तर मी बाहेर थांबायचं ना?”

मी हो म्हणणार होते. बाईने वही बंद केली नव्हती. ती आबांना विचारत होती की सुटल्यावर कोणी परत आत जातं का? आबा म्हणाले, “जात्यात की. डबा इसरला, छत्री इसरली. मीच सोडतो. आता पाच मिंटासाठी कारड कुटं लावायचं?”

अधिकाऱ्यांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोन आठवडे जास्तीची नावं मोजत होतो. यादीत नसलेला माणूस मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जास्तीच्या नावासाठी ते निदान आत जातील. नसलेल्यासाठी कोणीच जाणार नाही.

कागद पुन्हा पिशवीत. मी अधिकाऱ्यांना म्हणाले, “सोमवारी नाही. रजिस्टर बंद करू नका.” परतीच्या लोकलमध्ये धबधब्यावरून परतणारी ओली माणसं मळवलीला चढली, त्यांच्या गर्दीत बाईने मला पंधरा मिनिटांचा हिशोब दिला. ‘पाहिलं’च्या रकान्यात चार ओळी. ‘राहिलं’मध्ये एक.

आज गुरुवार, आंबीत साप्ताहिक सुट्टी. बटणं रविवारीच बदलली. सोमवारपासून कालपर्यंत पाळी सुटल्यावर एकही नाव उरलेलं नाही, आणि प्रोग्रामर रोज विचारतो, आता कशासाठी अडलंय? आबांना मी कार्डाशिवाय कोणाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय. ते व्हय म्हणाले, पण कोणाचा डबा राहिला तर ते सोडतील, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

फेरी ठरवली आहे. ओळ: ‘बाहेर दाबून परत आत गेलेला माणूस भोंगा वाजल्यावर कोणाला दिसतो?’ वेळ: दीड तास. कोण: बाई आणि मी, मी मधे बोलणार नाही. सोमवारी अधिकारी रजेवर होते, मंगळवारी पाळीची वेळ बदलली, काल बाईला ताप. तारखेच्या रकान्यात मी शुक्रवार लिहिलाय, पेन्सिलने. फेरी व्हायची आहे.