रिंगा बसेपर्यंत

आमची मोठी जहाजावर इंजिनखोलीत नोकरीला आहे. वर्षातले बरेच महिने ती पाण्यावर असते आणि घरी आली की मामंजींच्या जुन्या गाडीखाली. लहानपणी तिने खेळणी खेळून मोडली नाहीत, उघडून मोडली. पुढे उघडलेलं परत जुळवायला लागली, तेव्हा कुठे घरातली घड्याळं सुरक्षित झाली. माझ्या जिवाला घोर मात्र तोच राहिला, फक्त खेळण्यांऐवजी जहाजं आली.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांची तरुणपणी घेतलेली गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली होती. मोठीने मागच्या सुट्टीत तिचं इंजिन पूर्ण उतरवलं, सिलिंडर घासून आणले, पिस्टन आणि त्यांच्यावरच्या रिंगा नव्या घातल्या. या सुट्टीत ते गाडीत चढलं आणि सुरूही झालं. मामंजी तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले ते उतरेचनात.

तिथूनच घोळ झाला. नवं इंजिन फुलासारखं जपायचं, हा मामंजींचा आयुष्यभराचा नियम. मोठीने जरा वेग घेतला की त्यांचा हात डॅशबोर्डवर.

"हळू, बाळा. नवं आहे ते."

मागच्या सीटवरून मी री ओढायची. एरवी कुणाचं न ऐकणारी ही मुलगी आजोबांपुढे मऊ पडते. आठवडाभर गाडी गोगलगायीसारखी फिरली. मग मागून निळसर धूर दिसायला लागला.

मोठीने सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून मला दाखवलं. काळं, तेलकट.

"ऑइल जळतंय, आई. रिंगा बसल्याच नाहीत."

"मग आता?"

"इंजिनाला ओढायला ओझं दिलं, तर रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर दाबल्या जातात आणि घासून घासून नीट बसतात. असं कुरवाळत राहिलो तर भिंत गुळगुळीत होईल आणि रिंगा बसणारच नाहीत. मग पुन्हा सगळं उघडायचं."

चार दिवसांनी तिला निघायचं होतं. पुन्हा उघडायचं म्हणजे थेट पुढच्या सुट्टीत, आणि मामंजी नव्वदीला टेकलेले. शेजारी बसून ऐकणारे मामंजी उठून आत गेले.

सकाळी तिने सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. पुढे मामंजी, मागे मी, हे आणि धाकटे भाऊजी. डिकीत पाण्याने भरलेले कॅन.

"माझ्या वजनावर या घरात पहिल्यांदाच कुणी खूश झालंय," भाऊजी म्हणाले.

"काका, तुम्ही जरा दाराकडे सरका. आईला चेंगरू नका."

गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा लांब चढ तिने निवडला होता. पायथ्याशी तिने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि इंजिन असं गरजलं, की मी भाऊजींचा दंड धरला. मामंजींचा हात डॅशबोर्डवर गेला.

"आजोबा, हात."

"धरायला ठेवलाय. हळू म्हणालो का मी?"

वर पोचल्यावर तिने पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच उतरू दिली. खाली आल्यावर वळून पुन्हा वर.

"अगं, समोरून ट्रक आला तर?" मी म्हटलं.

"आई, ओझ्याने बोलायचं नसतं."

हे हसले. मी डोळे मिटून घेतले.

दोन दिवस आम्ही असं ओझं होऊन फिरलो. धूर विरळ होत गेला आणि मग दिसेनासा झाला. मोठीने पुन्हा नळीत बोट घातलं. या वेळी बोटाला कोरडी, राखाडी भुकटी लागली. मामंजींनी चष्मा लावून ते बोट तपासलं आणि "बसल्या," एवढंच म्हणाले.

ती परत येईपर्यंत गाडी उभीच राहणार, म्हणून शेवटच्या दिवशी तिने ती लांबवर फिरवून चांगली तापवली, गरम असतानाच जुनं ऑइल काढून नवं भरलं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, इंजिन हाताने फिरवलं आणि प्लग परत लावले. दमट हवा आत शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडकं कोंबलं. बॅटरी काढून माझ्या ताब्यात दिली.

"दर रविवारी मी पाच मिनिटं सुरू करत जाईन," मामंजी म्हणाले.

"अजिबात नाही, आजोबा. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आत दमट वाफ धरते, ती तशीच राहते आणि गंज चढतो."

"मग आम्ही करायचं काय?"

"काहीच नाही."

आमच्या घराला याहून अवघड काम तिला देता आलं नसतं.

आज तिच्या जाण्यानंतरचा पहिला रविवार. मामंजी शेडच्या दारात उभे दिसले, म्हणून मी तिकडे गेले.

"पोचली का?"

"पोचली. विचारत होती, कुणी गाडीला हात तर लावला नाही ना."

"नाही म्हणून कळव." त्यांनी आत डोकावून पाहिलं. "सूनबाई, बॅटरी कुठे ठेवलीस गं?"

"तुम्हाला सांगायचं नाही, असं तिला कबूल केलंय."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि त्यांनीच दाराला कडी घातली.