मामांच्या मरणाची बातमी

गूढ गोष्टींची पुस्तकं मी चहासारखी रिचवतो, म्हणून अंथुर्ण्याच्या मामांनी मला तातडीनं बोलावलं. त्यांनी उसाच्या बांधावर कावळ्यांची जोडी नको त्या अवस्थेत पाहिली होती. ती पाहणारा मरतो, असं आमच्याकडे मानतात. उपाय एकच. आपण मेल्याची खोटी बातमी नातलगांना धाडायची. कुणी खरंखुरं रडलं, की मरण टळतं.

"पुस्तकात हाय का ह्ये?" मामांनी विचारलं. चेहरा पार उतरला होता. मी मान डोलावली.

"मग लाव फोन."

मी घसा खाकरला, आवाजात कंप आणला आणि पणदऱ्याला फोन लावून आईला सांगितलं, "आई, मामा गेले."

"कावळं बघितलं व्हय त्यानं?" आई म्हणाली. "सांग त्याला, मला भाकरी थापायच्यात."

मामांनी फोन हिसकावला. "मी मेलो आन् तुला भाकरी सुचतीया, आक्का?"

"दिवाळीला तरी आलास का तू? सारा दिवस दारात बसून हुते मी." बोलता बोलता आईला हुंदका फुटला.

मामांनी फोनवर हात ठेवला. चेहऱ्यावर जीव परतला होता.

"रडतीया," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "अजून जरा रडू दे, पक्कं होऊ दे. मग उद्या येतो म्हणून सांगतो."