तिसऱ्या पुकाऱ्याआधी

जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता इतिहासदालन झालंय. काचेच्या कपाटांत शाईच्या दौती, न्यायाधीशांचे झगे, कापडात बांधलेली दप्तरं, आणि दाराजवळच्या भिंतीत एक लाल बटण. ते दाबलं की माझ्या वडिलांचा आवाज येतो. शाळेची पोरं ते सारखं दाबतात आणि खिदळतात. खिदळू देत बापडी. पण बटणाच्या वर 'पुकारा : मूळ आवाजात' अशी पाटी आहे ना, ती धडधडीत खोटी आहे, आणि हे मी तिथल्या बाईंना तोंडावर सांगून आलेली आहे.

बाबा आता नाहीत. ते कोर्टात शिपाई होते आणि त्यांचं काम पुकाऱ्याचं. खटल्याची पाळी आली की दाराबाहेर उभं राहून माणसाचं नाव तीनदा घ्यायचं. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही की आत 'गैरहजर' अशी नोंद व्हायची आणि कित्येकांचा दावा तिथंच बुडायचा. बाकीचे पुकारेवाले तिन्ही हाका एका दमात मारून मोकळे व्हायचे. बाबा दोन हाका मारायचे आणि थांबायचे. जिन्याकडे बघत राहायचे. कुणाचे गुडघे धरलेले असतात, कुणी लेकरू काखोटीला मारून धावत येत असतं, कुणी भलत्याच व्हरांड्यात बसून राहिलेलं असतं. आतून साहेब खेकसले की बाबा दारातून मान घालून सांगायचे, घसा बसलाय साहेब, जरा खाकरतो. घसा कुठला बसलेला! ठणठणीत होता. पुढं नेमका तोच घसा गेला. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक. दुसरे लोक 'हजर हो' म्हणायचे. बाबा चोरालासुद्धा 'हजर व्हा' म्हणायचे. आई त्यावरून त्यांची थट्टा करायची, की चोरांना मान आणि आम्हाला 'अगं ए'.

तिचंही काही चूक नव्हतं. घरात हा माणूस मुखदुर्बळ. सगळा आवाज कोर्टात खर्च करून यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. आई गेल्यावर तर घरात माझं शिवणयंत्रच काय ते बोलायचं. मला हाक मारायचे ती 'भवाने' अशी. लाडानं का असेना, पण भवानेच. माझं कागदावरचं नाव त्यांनीच हौसेनं ठेवलं होतं म्हणे, पण ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर आवाज घोगरा झाला. आम्ही काढे, गुळण्या करत बसलो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, घशात कॅन्सरची गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक पाडणार, त्यातून श्वास घ्यायचा, आणि बोलणं कायमचं बंद. मला बाहेर बोलावून ते म्हणाले, काय बोलून घ्यायचं ते आत्ताच घ्या, पण जोर लावू देऊ नका.

मी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. मला फार काही नको होतं. एकदा माझं नाव त्यांच्या आवाजात घरात राहावं, एवढंच. बाबा त्या यंत्राकडे बघत बसले. काय बोलू, म्हणाले. मी म्हटलं, मला नावानं हाक मारा. तर म्हणतात, तू तर समोर बसलीयेस, हाक कशाला मारू? मी चिडले, ते हसले, आणि वाजवून बघितलं तर टेपवर नुसती खरखर आणि माझंच ओरडणं. त्यांचं कुजबुजणं त्यात आलंच नव्हतं.

अशात कोर्टाच्या इतिहास समितीच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, निकाल आहेत, दप्तरं आहेत, सगळं जतन करतोय, पण पुकारा कसा व्हायचा हे कुठल्याच कागदात सापडत नाही. तेवढा आवाज द्या. मी चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, आयुष्यभर घेतलात ना, आता उरलाय तो घरच्यांसाठी राहू द्या. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "येतो."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ज्याचा आवाज जायचाय त्याच्याशीच अबोला. माझा राग हा असा, आंधळा. पण रेकॉर्डिंगला गेले मी बरोबर. त्यांचा जुना डगला मीच इस्त्री केला. अंगात घातल्यावर तो एवढा ढगळ झाला होता की पाठीमागून मला टाचण्या लावाव्या लागल्या.

व्हरांड्यात मोठं यंत्र मांडलेलं. रेकॉर्डिंगवाल्यानं सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि एक शब्द काढायचा नाही म्हणून दम दिला. खऱ्या पक्षकारांची नावं घेता येत नाहीत, म्हणून बाईंनी एक बनावट नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. बाबांनी ते वाचलं, चिठ्ठीची घडी केली आणि खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, "या नावाचं इथं कुणीच नाही. मग येणार कोण?"

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझं नाव. मग त्यांचं. मग आडनाव. आणि 'हजर व्हाऽ!' तो आवाज त्या वाळलेल्या देहातून आला कुठून कोण जाणे. दुसरी हाक त्याहून मोठी. मग ते थांबले. जिन्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. वाट बघत होते माझी. मी ओठ उघडणार तोच रेकॉर्डिंगवाल्यानं डोळे वटारून तोंडावर बोट ठेवलं, आणि मी गप्प बसले. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही ते नेमकं तेव्हा ऐकलं. तिसऱ्या हाकेत आवाज मध्येच फाटला. पुढचं सगळं नुसती हवा. बाबा बाकावर बसले आणि रुमालात रक्त पडलं.

त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. ती हाक म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं. मी मनाची समजूत घातली, की असू दे, नाव तर टेपवर आहे आणि टेप कोर्टात आहे. मेलेल्या माणसांच्या भांडणांचे कागद जे लोक कापडात बांधून ठेवतात, ते माझं नाव कशाला टाकतील?

दालन उघडलं त्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. गळ्यातल्या भोकावर बांधायला मलमलीचा पट्टा शिवला होता. बाईंनी मोठ्या कौतुकानं बटण दाबलं.

हजर व्हा. हजर व्हा. हजर व्हा.

झालं. एका दमात तीन. नाव नाही आणि थांबणंही नाही. मी विचारलं, माझं नाव कुठाय? बाई समजावायला लागल्या. खासगी माणसाचं नाव दालनात ठेवता येत नाही, नियम आहे. मधे थांबलेलं ऐकलं की लोकांना यंत्र बिघडलंय असं वाटतं. आणि तिसरी हाक खराब निघाली, म्हणून पहिलीच तीनदा जोडली. मी म्हटलं, मग कापलेले तुकडे द्या मला. रेकॉर्डिंगवाला तिथंच होता. म्हणाला, टेप ब्लेडनं कापतात, तुकडे केरात गेले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा विचारल्याशिवाय फेकत नाही. आणि जतन करणारे म्हणवता, माझा बाप केरात टाकलात? लोक जमले. बाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या, हे मला आज कळतं, पण त्या वेळी मी त्यांना सोडणार नव्हते.

तेवढ्यात बाबांनी माझी बाही ओढली. मला तिथंच उभं करून ते आतल्या दालनाच्या दाराकडे गेले, जिथं ते नोकरीभर उभे राहिले होते. सदरा नीट केला. मान वर केली. ओठ हलायला लागले. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. आवाज नाहीच. गळ्यावरची मलमल तेवढी फडफडली. परत एकदा तसंच. मग ते थांबले आणि जिन्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ. त्यांना कसलीच घाई नव्हती.

मी तिसरी हाक येऊ दिली नाही. म्हटलं, "हजर आहे, बाबा."

बाईंना वाटलं म्हाताऱ्याला धाप लागली. त्या कुणाला तरी खुर्ची आणायला सांगत होत्या, तोवर बाबांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं.