कुणीही न लावलेला बाण

बाणवाल्यांचं खरं नाव कारखान्यात फारसं कुणाला आठवत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. शर्टांच्या त्या कारखान्यात ते बावीस वर्षं चेकर होते. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलरपासून खालच्या काठापर्यंत नजर फिरवायची, आणि कुठे टाका सुटलेला, बटण तिरकं बसलेलं दिसलं की रोलवरचा नखाएवढा लाल बाण काढून नेमका तिथे चिकटवायचा. मग शर्ट दुरुस्तीच्या टेबलाकडे भिरकावायचा. हो, भिरकावायचाच. हातात देण्याची पद्धत त्यांची नव्हती. त्या टेबलावर रफूवाल्या मावशी बसायच्या. त्या बाण काढायच्या, शिवण उसवायच्या आणि मुकाट्याने पुन्हा घालायच्या.

चेकरने सुईला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. नव्या चेकरना तो शिकवताना बाणवाल्यांचा आवाज असा चढायचा, जणू नियम त्यांच्याच घरी तयार झाला होता. "आपण दुरुस्त केलं की दोष लपतो. दोष लपला की बिघडलेलं मशीन सापडत नाही. मग पुढचे दोनशे शर्ट तसेच येणार. कळलं?"

कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यांच्या खिशात अर्धा रोल बाण शिल्लक होते. परत कुणाला द्यायचे? घ्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

पहिला महिना त्यांनी तोऱ्यात काढला. बावीस वर्षांचा अनुभव, लोक बोलवायला येतील, असं ते बायकोला सांगायचे. बायको एका दातांच्या डॉक्टरकडे पेशंटच्या वेळा लिहायची. ती ऐकून घ्यायची आणि पर्स उचलून निघायची. लोक काही आले नाहीत. मग बाणवालेच निघाले. कपड्यांची गोदामं, कुरियरचं ऑफिस, बुटांचं मोठं दुकान, औषधांची पॅकिंग. त्यांना बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. पेन आपलं आपण न्यावं. भिंतीला टेकलेल्या खुर्च्यांमध्ये शेवटची निवडू नये, कारण तिथून आपलं नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. "दोन दिवसांत कळवतो" म्हणणाऱ्याला कुठले दोन दिवस हे विचारायचं नसतं. आणि जिन्यात भेटलेला शेजारी "सध्या काय चाललंय?" असं विचारतो, त्याला उत्तर मुळीच नको असतं.

घरी आल्यावर त्यांच्याने बसवत नसे. पायाला भिंगरी लागल्यासारखे ते या खोलीतून त्या खोलीत जायचे. फोन वाजला नसतानाच उचलून बघायचे. आणि डोळे, ते तर बावीस वर्षांच्या सवयीचे. एका दुपारी त्यांनी गळक्या नळाला बाण लावला. मग कुरकुरणाऱ्या दाराला, टवका उडालेल्या कपाला, उसवलेल्या पडद्याला. संध्याकाळपर्यंत घरभर सतरा बाण झाले होते.

बायको दमून आली, चपला काढता काढता थबकली.

"अहो, हे घर आहे का रिजेक्ट माल?"

"दोष दाखवलेत फक्त."

"दोष मलाही दिसतात. रोज दिसतात. दुरुस्त कोण करणार?"

बाणवाल्यांनी उरलेला रोल खिशात टाकला. दुरुस्तीचं टेबल नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी असायचं.

त्यानंतरच्या आठवड्यात कुरियर ऑफिसने त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं. जीव टांगणीला लागला होता. त्यांनी निळा शर्ट घातला, बूट पुसले, चार माणसांसमोर अर्धा तास बसले. चौघेही गोड बोलले. एकाने दारापर्यंत येऊन पाठीवर हातसुद्धा ठेवला. घरी आल्यावर शर्ट काढला तर पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, लाल बाण.

कॉलेजात नुकती जाऊ लागलेली मुलगी ते बघून पांढरीफटक पडली. "बाबा, सकाळी गंमत म्हणून... तू आरशात वळून बघशील असं वाटलं मला."

त्यांनी बाण सोलून काढला आणि ते आतल्या खोलीत निघून गेले, हेच वाईट झालं. पुढे कितीतरी दिवस त्या दोघांच्या तोंडाला कुलूप होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचा राग पोरीवर नव्हताच. चार माणसांनी बाण पाहिला होता, एकाने तर त्यावर हात ठेवला होता, आणि एकानेही सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत नऊ ठिकाणी हेच झालं होतं. वय जास्त म्हणावं, कॉम्प्युटर येत नाही म्हणावं, चेहरा आवडला नाही म्हणावं. काहीतरी म्हणा ना! शर्टाला कळायचं की कुठे चुकलंय, यांना तेवढंही कळत नव्हतं. ते चिडून येरझाऱ्या घालत, आणि कुणावर चिडायचं हे न सुचून आणखी चिडत.

शेवटी त्यांनी नळ उघडला. म्हणजे पान्याने खोलला. अंगभर पाणी उडालं, पण वायसर बदलला गेला आणि नळाचा बाण निघाला. दाराला तेल मिळालं. पडद्यापाशी मात्र गाडी अडली. त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येईना. बावीस वर्षं सुयांच्या गराड्यात काढलेला माणूस! पडदा पिशवीत घालून ते रफूवाल्या मावशींच्या घरी गेले. त्याही कारखान्याबरोबरच घरी बसल्या होत्या.

मावशींनी पडदा उलटसुलट पाहिला. "साहेब, आज हातात दिलात. भिरकावला नाहीत."

बाणवाल्यांचे कान तापले. पण ते तिथेच बसले, आणि पुढचे दीड महिने एक दिवसाआड दुपारी जाऊन बसत राहिले. मावशी शिकवायच्या कमी, उसवायला जास्त लावायच्या. दोरा बाहेरचा वापरायचा नाही, शिवणीच्या आतल्या दुमडीतून ओढून घ्यायचा, म्हणजे रंग जुळतो. गाठ मारायची नाही, दोरा कापडातच मुरवायचा. "बोटाला कळलं नाही पाहिजे," त्या म्हणायच्या आणि डोळे मिटून बोट फिरवायच्या. बहुतेक वेळा बोटाला कळायचंच. "उसवा," असं सांगून त्या चहा टाकायला उठायच्या. हळूहळू घरातले बाण निघाले. मुलीच्या बॅगेचा तुटका पट्टा एका सकाळी शिवलेला सापडला, तेव्हा तिने तो खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, चहा घेणार?" कुलूप निघालं.

मग मावशींना नव्या एका कारखान्यात काम लागलं, आणि चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "साहेब, इथे चेकरची जागा आहे. एकच आहे. गुरुवारी परीक्षा. या."

तीन रात्री बाणवाले धड झोपले नाहीत. चेकर म्हणून परत उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी मावशींची शिफारस घ्यावी लागली हे जरा टोचत होतं, पण तेही चालणार होतं.

गुरुवारी इन्चार्जबाईंनी टेबलावर दहा शर्ट ठेवले. "वीस मिनिटं. मुद्दाम अकरा दोष ठेवलेत." पुढच्या टेबलावर दुसरी उमेदवार होती, ऐन पंचविशीतली मुलगी. बाणवाल्यांनी पहिला शर्ट पसरला. तिरकं काज, एक बाण. पाठीवर डाग, दुसरा. नजर धावत होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच अंगातली तगमग थांबली होती. सातव्या शर्टाच्या कॉलरला तीन टाके सुटलेले दिसले. त्यांनी बाण लावला. आणि पुढे काय झालं ते त्यांचं त्यांनाच नंतर कळलं.

वेळ संपली. बाईंनी बाण मोजले. "दहा. कॉलर सुटली तुमच्या नजरेतून."

"सुटली नाही," बाणवाले म्हणाले. त्यांनी खिशाच्या आतल्या बाजूला हात लावला. मावशींकडे जायला लागल्यापासून तिथे टोचून ठेवलेली सुई जागेवर होती, फक्त तिच्यात शर्टाचा निळा दोरा होता. लाल बाण त्यांच्या अंगठ्यावर चिकटलेला होता. "मी... ती शिवली."

बाईंनी कॉलर उजेडात धरली, भिंगातून पाहिली. टाके दिसेनात. त्यांनी मावशींना हाक मारली. मावशींनी डोळे मिटून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"बाई, मला नाही कळत," त्या म्हणाल्या. बाणवाल्यांकडे बघून त्या हसल्या नाहीत. फक्त शर्ट खाली ठेवला, हळू.

"काम सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "पण चेकर सुईला हात लावत नाही. का ते माहितीय?"

"पुढचे दोनशे शर्ट तसेच येतात."

"मग? चेकरची जागा तुम्हाला देता येणार नाही. कारण हेच, दुसरं कुठलंही नाही. दुरुस्तीच्या टेबलावर एक खुर्ची आहे, मावशींशेजारी. उद्या सांगा."

बाणवाले बाहेर आले आणि चालत सुटले. दोन बस त्यांनी सोडून दिल्या. ज्या टेबलाकडे बावीस वर्षं शर्ट भिरकावले, तिथे बसायचं? आणि आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या चेकरचे बाण काढायचे? एका बंद दुकानासमोर ते थांबले आणि पुन्हा चालू लागले. पण आणखी काहीतरी होतं, आणि ते काय हे कळायला त्यांना अर्धं शहर तुडवावं लागलं. आज कुणीतरी सांगितलं होतं. सरळ तोंडावर, चूक कुठे झाली ते दाखवून. नेमक्या जागी.

घरी बायकोने दार उघडलं. "काय झालं?"

"चेकर म्हणून नापास झालो," ते म्हणाले. "का झालो ते माहितीय."

सोमवारी ते मावशींशेजारच्या खुर्चीत बसले. समोर नवी चेकर होती, परीक्षेत पुढच्या टेबलावर बसलेली तीच मुलगी. हे काका आधी कोण होते ते तिला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं, कारण पहिला शर्ट आणून देताना ती जरा बिचकली. बाहीवर लाल बाण होता. बाणवाल्यांनी शर्ट तीनदा उलटापालटा केला. चूक शोधण्याची फार इच्छा होती, हे कबूल करायला हवं. बाण बरोबर होता. मुलगी अजून तिथेच उभी होती.

बावीस वर्षांत त्यांना स्वतःला हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला म्हटलं नव्हतं.

"बरोबर लावलायस," ते म्हणाले, आणि बाण काढून शिवण उसवायला घेतली.