आमच्या हॉलमधलं लाल कार्ड

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. मी सेफ्टीतला माणूस. अकरा वर्षं झाली, इथे कुवेतच्या एका प्लांटमध्ये 'हेल्मेट घाल, पट्टा लाव' असं ओरडत हिंडतोय. एवढ्या वर्षांत माझ्या देखरेखीखाली मोठा अपघात म्हणून झाला नाही. झाला तो माझ्याच हॉलमध्ये, शुक्रवारी दुपारी, श्रीखंड वाढताना! आणि केला कुणी? मीच.

सुरुवात शाळेतून झाली. आमची ईरा, वय वर्षं आठ. तिच्या टीचरनी मला आणि मुग्धाला बोलावून घेतलं. मुलगी हुशार आहे म्हणाल्या, पण मनातलं काही सांगत नाही, घरी बोलतं करा तिला.

खरंच होतं ते. गुडघा फोडून आली तरी 'आय ॲम फाइन'. तिची जिवलग मैत्रीण आईबापांबरोबर कुवेत सोडून कायमची केरळला गेली. त्या दिवशीही बाईसाहेब फाइन!

मुग्धा म्हणाली, "अरे, नुसता शेजारी बसून गप्पा मार तिच्याशी."

नुसता? माझ्यासारख्या माणसाने नुसतं बसायचं? काही पद्धत नको?

आमच्या साइटवर एक लाल कार्ड असतं. अगदी काल लागलेल्या हेल्परलाही काही धोक्याचं वाटलं, तर त्याने ते वर करायचं. काम तिथल्या तिथे बंद. त्याच्यावर खेकसायचं नाही, आधी त्याचं ऐकून घ्यायचं. तसलं एक कार्ड मी घरी आणलं आणि ईराच्या हातात दिलं. "मनात काही खुपलं की हे दाखवायचं. आम्ही हातातलं सोडून ऐकणार."

पहिल्या आठवड्यात ते फक्त भेंडीच्या भाजीला दाखवलं गेलं.

शिवाय रोज संध्याकाळी बाल्कनीत दहा मिनिटं. "आज कसं वाटलं? कुठे वाटलं? पोटात, छातीत की घशात?" पोरगी समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायची. शेवटी म्हटलं, कुणीतरी सुरुवात करायला हवी. म्हटलं, "ईरा, मी माझं सांगू? मला आमच्या बर्वेसाहेबांची भीती वाटते. त्यांचा फोन आला की पोटात गोळा येतो."

ती बघतच राहिली. "रिअली? तुला?"

"हो. पण कुणाला सांगायचं नाही हं."

"प्रॉमिस."

आणि मग थोड्या वेळाने, खाली मान घालून, तिने तिला कशाची भीती वाटते ते सांगितलं. पहिल्यांदाच. सांगता सांगता रडली, माझ्या शर्टाला नाक पुसलं, आणि "तू पण प्रॉमिस" म्हणाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

काय सांगितलं तिने? ते नाही सांगणार. नाही, तुम्हालाही नाही. ते एकदा सांगून काय झालं, तेच तर सांगतोय.

त्या शुक्रवारी बर्वेसाहेब आणि काकू जेवायला आले होते. बर्वेसाहेब म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचे सर्वेसर्वा. लाल कार्डाचा नियम प्लांटमध्ये आणला तोच मुळी त्यांनी. बरोबर मुकादम आडनावाचा माझा श्रीवर्धनचा दोस्त होता. साहेबांनी इथल्या वफ्रा भागातल्या शेतावरच्या काकड्यांची पेटी आणली होती. मुग्धाने मसालेभात, अळूवडी आणि श्रीखंड केलं होतं. इथे चक्का कुठला मिळायला, लबने, म्हणजे इथलं घट्ट दही, ते बांधून केलेलं.

साहेब जेवताना बोलत नाहीत. आणि साहेब गप्प असले की मला घाम फुटतो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "इथली मुलं मनातलं काही बोलत नाहीत हो."

बोलत नाहीत? मी सुरूच झालो! कार्ड, बाल्कनी, पोट-छाती-घसा, सगळी पद्धत समजावून सांगितली. साहेबांनी मान वर केली. "इंटरेस्टिंग," म्हणाले.

झालं! साहेब 'इंटरेस्टिंग' म्हणाल्यावर मी कसला थांबतोय? चढलो हरभऱ्याच्या झाडावर. "अहो सर, परवा तर काय म्हणाली माहितीये?" आणि दिलं सांगून. नुसतं नाही, तिचा आवाज काढून, डोळे मोठे करून, साभिनय! मुकादमला ठसका लागला. काकूंनी पदराने डोळे पुसले. साहेबसुद्धा हसले. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं झाली, त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

आणि दारात ईरा उभी. कार्ड वर.

ते पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. पण तोंडातून काय निघालं? "ईरा, आत्ता नाही हं. पाहुणे आहेत ना?"

"प्रशांत," साहेब म्हणाले, "काम बंद."

"सर, हे आपलं घरातलं, खेळातलं..."

"कार्ड वर आहे. काम बंद."

त्यांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. काकूंचा चमचा हवेतच राहिला. मुकादमने तोंडातली अळूवडी न चावता गिळली.

"काय झालं, बाळा?" साहेबांनी विचारलं.

"बाबाने माझं सीक्रेट सांगितलं. आणि सगळे हसले. तुम्ही पण, अंकल."

"हो, हसलो मी. सॉरी." मग साहेब माझ्याकडे वळले. "माहिती विश्वासाने दिलेली होती?"

"हो सर."

"सांगायची परवानगी घेतली होतीस?"

"नाही सर."

"मग?"

मी काकड्यांची बशी साहेबांपुढे सरकवली.

काकूंना वाटलं, वातावरण हलकं करावं. "अगं, त्यात काय! तू पण बाबाचं एक सीक्रेट सांगून टाक. फिट्टंफाट!"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "तुझा बाबा कशाला घाबरतो गं?"

अहो, साठ मीटर उंच टॉवरवर मी चहा प्यायलो आहे. पण त्या सोफ्याचा हात मी कठड्यासारखा धरून बसलो. साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर! ईराने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग परत माझ्याकडे. तिने नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझा कारभार आटोपला होता.

"मला माहितीये," ती म्हणाली. "पण मी नाही सांगणार."

"का गं?"

"प्रॉमिस केलंय. आणि तुम्ही हसाल. मग बाबाला वाईट वाटेल."

आणि कार्ड टेबलावर ठेवून ती आत निघून गेली.

आता साहेबांना चैन पडेना. "एवढं कशाला घाबरतोस रे तू?"

मनातलं खरं खरं बोलावं, असं घरभर शिकवत फिरणारा हा गुरुजी काय म्हणाला असेल? "झुरळांना, सर."

रविवारी सकाळी साहेबांनी माझ्या केबिनमध्ये औषध फवारणारा माणूस पाठवला. सगळा प्लांट बघायला जमला होता.

असो. त्या शुक्रवारी संध्याकाळीच मी ईराची माफी मागितली होती. कान धरून, सगळं रीतसर. तिने विचार केला आणि म्हणाली, "ओके. पण आता काही दिवस फक्त तू सांगायचं."

चार महिने झाले. रोज संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बसतो. मी सांगतो, ती ऐकते. लहानपणापासूनचं सगळं सांगून झालं माझं. परवा तर सांगायला काही उरलंच नाही.

"बर्वे अंकलची भीती?" तिने विचारलं.

"त्यांची आता नाही गं वाटत एवढी."

"मग कुणाची वाटते?"

मी आत पाहिलं, मुग्धा स्वयंपाकघरात होती. हळूच सांगून टाकलं, "तुझी."

"डोन्ट वरी, बाबा," ती माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "मी कुणाला नाही सांगणार."