भाऊंचे कान

हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आमच्या रेडिओच्या मंडळींना नाही. देवापुढे हात जोडतानाही तेवढं वगळायचे — जसं काही त्याला ठाऊकच नाही! गेल्या महिन्यात पहिल्यांदा सांगितलं, ज्याचं त्यालाच. दुसरे तुम्ही. आणि गंमत बघा, वाटलं होतं लिहिताना जेवणावरची वासना उडेल, तर तसलं काही नाही. उलट सकाळपासून सपाटून भूक लागलीय.

मी तळेगावात राहते. आंबीतल्या एका कारखान्यात मालतपासणीला होते — म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. हौस रेडिओची. लोणावळ्यापासून इंदुरीपर्यंत आम्ही परवाना घेतलेले काही हौशी लोक आहोत आणि आम्ही मिळून एक रिपीटर चालवतो. रिपीटर म्हणजे डोंगरावर बसवलेला निरोप्या म्हणा. दरीतल्या एखाद्या हँडसेटचा, म्हणजे हातातल्या छोट्या रेडिओचा, बारीक आवाज त्यानं ऐकायचा आणि त्याच क्षणी तो मोठ्यानं सगळ्यांना ऐकवायचा. मोबाइलची रेंज जाते तिथे, पावसाळ्यात वाट चुकलेल्यांच्या फार कामी येतो. आमचा वलवणच्या वरच्या डोंगरावर आहे.

आणि इंदुरीला यशवंतभाऊ. रेल्वेच्या टेलिफोन खात्यात उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेले. दर रविवारी संध्याकाळी रेडिओवर सगळ्यांची हजेरी घ्यायची ती भाऊंनीच. "जय भीम, नमस्कार मंडळी, कोन कोन हाय?" अशी सुरुवात. मग एकेकाचं नाव. माणूस जबर! कुणी तोंडात तंबाखू धरून बोललं की सगळ्यांसमक्ष झापायचे — "आदी थुकून या, मग बोला." सगळ्यांत बारीक, सगळ्यांत लांबचा आवाज टिपायचा तो त्यांनीच. खरखरीतून शब्द काढायचे, जसे गव्हातून खडे. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

मुद्द्यावर येते. येतेय — जरा दम धरा.

आमचा जुना अँटेना गंजला तेव्हा नवा कोणता घ्यायचा यावर बरेच दिवस वाद चालला. काहींना तो उंच, पांढरा, फायबरचा दांडा हवा होता. लांब पोचतो म्हणे. मी म्हटलं, लांब पोचतो पण पायथ्याच्या गावांच्या डोक्यावरून जातो, आणि आत सांधा निखळला तर बाहेरून कळायचंही नाही. आपल्याला हवा चार वळ्यांचा ब्रॉडबँड अँटेना. रिपीटर ऐकतो एका फ्रिक्वेन्सीवर, बोलतो दुसरीवर, आणि बचावपथकाचा चॅनेल तिसरीकडेच. तिन्ही जागी सारखं चालणारं काहीतरी हवं. भांडून भांडून तो घ्यायला लावला. निवड माझी होती आणि ती बरोबर होती. हे मुद्दाम सांगतेय. निवड चुकली असती तर कबूल करणं सोपं होतं, नाही का? मी चुकले ते फार क्षुल्लक कामात.

खांब आडवा पाडून अँटेना जमिनीवरच जोडला. अँटेनापासून खालच्या यंत्रापर्यंत येणाऱ्या केबलीचा वरचा सांधा मी स्वतः केला. त्यावर आधी जाड रबरी टेप ताणून गुंडाळायची असते, ती आपोआप एकजीव होते, पाण्याला वाट राहत नाही. तिच्यावर मग साधी काळी टेप. दिवसभर मी सगळ्यांना धारेवर धरलं होतं — हा बोल्ट सैल, ती गाठ चुकीची. मग दोर ओढून सगळ्यांनी खांब उभा केला. खाली वलवणला येऊन वडापाव खाताना मी रेनकोटच्या खिशात हात घातला. रबरी टेप खिशातच होती. वेष्टन न फोडलेली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. फक्त, "चला रे पुन्हा, मी विसरले," एवढंच! लोक कुरकुरले असते, दोन दिवस चिडवलं असतं. पण ज्या बाईनं दिवसभर आपलं ठेवलं झाकून आणि दुसऱ्याचं पाहिलं वाकून, तिला ते दोन दिवस नको होते. पुढच्या कोरड्या दिवशी बघू, असं स्वतःला म्हटलं. मावळात कोरडा दिवस! धुकं तिथे खिडकीतून घरात येतं, आणि मी साध्या काळ्या टेपच्या भरवशावर बसले.

पावसाळा भरात आल्यावर भाऊंनी रविवारच्या हजेरीत सांगितलं, "ताई, रिपीटर दमलाय. खरखर लय वाढलीय. लांबचं हँडसेट न्हाई कळत." मी डोंगरावर जाऊन आले. खांबाखाली, यंत्रापाशी, मीटर लावला. अँटेना किंवा केबल बिघडली असेल तर पाठवलेली ताकद परत फिरते आणि मीटरची सुई चढते. सुई चढली नाही. बसवल्या दिवशी होती त्याहूनही खाली.

आणि इथेच मला कळलं. अँटेना म्हणजे काही लोणचं नाही, मुरून सुधारायला! केबलीत पाणी शिरलं की ती जाणारी ताकद पिते आणि परत येणारीही पिते. काहीच परत येत नाही, म्हणून सुईला वाटतं सगळं झकास वर गेलं. हे मीच नव्या लोकांना शिकवायचे — सुई फार शहाणी वागायला लागली की वरचा अँटेना सोडवून बघा. मोकळ्या टोकाला सुई उसळलीच पाहिजे. नाही उसळली, तर केबल गिळतेय. मी शिकवायचे हो!

पण अँटेना सोडवायचा म्हणजे खांब पाडायचा, खांब पाडायचा म्हणजे सगळ्यांना बोलवायचं, आणि सांधा उघडला की रबरी टेप नाही हे सगळ्यांना दिसणार.

मग मी काय केलं? पुढच्या रविवारी भाऊंनी तीच तक्रार केली तेव्हा सगळ्यांच्या कानांवर जाईल असं, हसत हसत म्हणाले, "भाऊ, रिपीटर ठणठणीत आहे. मीटर खोटं बोलत नाही. एकदा कान तपासून घ्या."

 सेटवर कुणीतरी हसलं. मग दोघंतिघं. लोणावळ्याची आणि तळेगावची मंडळी रिपीटरच्या जवळची, त्यांना ठीकच ऐकू येत होतं. त्रास लांबच्यांना, आणि लांबच्यांचं ऐकणारे एकटे भाऊ.

ते भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर मी कदाचित — नाही, कदाचित वगैरे काही नाही. ते भांडले नाहीत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. थोड्याच दिवसांनी पलीकडच्या खोऱ्यातून एका पोरीनं हँडसेटवर हाका मारल्या, पाय मुरगळून धुक्यात अडकली होती. भाऊंना खरखरीत तिचे शब्द लागेनात. ती सापडली, सुखरूप सापडली, पण चिंब भिजून, फार उशिरा. त्या रविवारी भाऊ म्हणाले, "आता माज्याच्यानं न्हाई व्हनार. कान गेलं. दुसरा कोन तरी बगा." आणि सेट बंद केला. सगळ्यांनी फार चांगलं बोलून निरोप दिला. मीही दिला. माझं बोलणं तर सगळ्यांत लांबलं.

पाऊस सरल्यावर मी वार्षिक देखभालीच्या नावाखाली केबल बदलली. सांधा मीच आधी पुढे होऊन उघडला. आतून हिरवं पाणी आलं, ते माझ्याच बाहीत मुरलं. जुनी केबल मीच गाडीत टाकली. नवी लावताच लांबचे सगळे स्पष्ट यायला लागले. लोक म्हणाले, ताईंचा हात लागला! वाहवा झाली, आणि मी ती घेतली. भाऊंना कोण सांगणार? ते आता ऐकतच नव्हते.

याला सहा-सात वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांना पाहिलं ते बहिऱ्या माणसासारखं वागताना. कार्यक्रमात कोपऱ्यात बसायचे. कुणी बोललं की हात कानामागे, आणि नुसती मान डोलवायची. मुलीचा फोन आला की परस्पर बायकोकडे द्यायचे. बायको, शांतामावशी, एकदा मला म्हणाली, "घरात असून घरात न्हाईत बगा." डॉक्टरकडे गेलेच नाहीत. ताईंनी मीटर लावून सांगितलंय म्हटल्यावर डॉक्टर कशाला?

आणि एक प्रश्न, जो मी कधी पुरता विचारू दिला नाही स्वतःला. भाऊंच्या जागी आमच्या भावकीतले कुणी आबा असते, तर मी असं चारचौघांत हसून बोलले असते? उत्तर मला येतं. म्हणूनच विचारत नव्हते.

गेल्या महिन्यात गेले इंदुरीला. दुपारची वेळ. भाऊ ओट्यावर, शेजारी पिठाची गिरणी घरघरत होती. मी बसले आणि सांगितलं — टेप, पाणी, सुई, माझं हसणं, सगळं. पण हेही सांगते, कारण यातून सुटका नको मला: मी ते फार हळू सांगितलं. गिरणी चालू असताना. ऐकू गेलं नाही तरी सांगितल्याचं पुण्य पदरात, असा हिशेब. खाली मान घालून पुटपुटत राहिले.

मान वर केली तर भाऊंचा हात सवयीनं कानामागे गेलेला. तो तसाच हळूहळू खाली आला.

"गिरनी चालू हाय म्हनून हळू बोलताय व्हय?" ते म्हणाले. "समदं ऐकू आलं."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत बसले. गिरणी, रस्त्यावरची मोटारसायकल, आत भांड्यांचा आवाज. आणि एकदम आत तोंड करून ओरडले, "शांते, माजं कान चांगलं हायती गं!" मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. ते तिला सांगत राहिले, तिच्याकडे बघूनच. मला चहा विचारला नाही. मी उठले, चप्पल घातली आणि निघाले. नदीच्या पुलावर आले तेव्हा लक्षात आलं की मी गुणगुणतेय. लाज वाटली, पण थांबवलं नाही.

परवाच्या रविवारी सेट लावला, आणि "जय भीम, नमस्कार मंडळी, कोन कोन हाय?" सगळे नुसते ओरडले आनंदानं. भाऊंनी एकेकाचं नाव घेतलं. धरणाच्या पलीकडून कुणाचा तरी अगदी बारीक हँडसेट लागला, मला फक्त खरखर ऐकू आली. भाऊ म्हणाले, "शबूद न् शबूद कळतोय. बोला."

पूर्वी माझं नाव ते सगळ्यांत आधी घ्यायचे. परवा घेतलंच नाही. बाकीच्यांना वाटलं असेल, विसरले. मी बोलायचं बटण दाबलं नाही. हजेरी संपेपर्यंत ऐकत बसले.