भास्करकाकांचे पब

भास्करकाका आयुष्यात दारूचा एक थेंब प्यायले नाहीत.

परवा माणूस गेला, आणि आज मला हे फेसबुकवर लिहावं लागतंय. कमाल आहे तुमची.

काल आपल्या मराठी मंडळाची श्रद्धांजलीची पोस्ट आली. "इंग्लंडमधल्या जुन्या घरांचे चित्रकार." खाली काकांचं पेंटिंग, दारावरची पाटी क्रॉप करून.

घरं? कुठली घरं? पब आहे तो! पाटीवर बदक आहे, खाली पबचं नाव आहे. त्या एका बदकावर काकांनी चार दिवस घालवले होते.

आणि त्याखाली, काकांचे पब माहीत असलेल्या एका महाशयांची कमेंट, "काकांना 'आवड' होती वाटतं 😉"

वर हसणारे इमोजी. अरे, अजून दहावा व्हायचाय माणसाचा!

तर ऐका.

काका तरुणपणी यॉर्कशायरला एका कापड गिरणीत नोकरीला होते. भाड्याची गारठलेली खोली, कुत्रं विचारायचं नाही. समोरच्या पबचा मालक म्हणाला, शेकोटीपाशी येऊन बस, काही घेतलंच पाहिजे असं नाही.

तीन हिवाळे काका तिथे लेमोनेड पीत बसले.

पुढे अमेरिकेत आले, इथे मॉरिसव्हिलला रिटायर झाले आणि गराजमध्ये पब काढायला लागले. वॉटरकलर. फक्त पब. विटा, पितळी दिवे, दाराशी टांगलेली फुलं.

मला सांगायचे, "खिडकीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. कागद कोरा ठेवायचा. बाहेर हवा तेवढा पाऊस पाड, आणि मग खिडकीत हलका पिवळा. बघणाऱ्याला आत जावंसं वाटलं पाहिजे."

नलूकाकू करवादायच्या, "लोक लंडनला जाऊन राजवाडा बघतात. आमचे हे भर पावसात गुत्त्याच्या विटा मोजतात!"

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या कार्यक्रमात चित्रप्रदर्शन ठरलं. काकांनी बारा चित्रं स्वतः फ्रेम केली. आयुष्यातलं पहिलं एक्झिबिशन. ऐंशीला टेकलेल्या माणसाने त्यासाठी नवीन शर्ट घेतला हो!

आणि आपल्या कमिटीने काय ठरवलं? हो, आपल्या. मीही होते त्यात.

"फॅमिली क्राउड असतो यार. मुलं काय विचारतील? काकांना गणपती काढायला सांगा, नाहीतर त्यांचं कॅन्सल करा."

ही मीटिंग कुठे झाली माहितीये? ज्यांच्या बेसमेंटमध्ये भिंतभर बार आहे, त्यांच्याकडे. हातात सिंगल माल्ट धरून संस्कृती वाचवणं चाललं होतं!

काकांना फोन गेला. काका म्हणाले, "बरं."

गणपती त्यांनी काढला नाही. कार्यक्रमाला मात्र आले. नवा शर्ट घालून. लोकांचे सगळे सूर्यास्त आणि मोर निवांत बघितले, प्रत्येकाचं कौतुक केलं, आणि शेवटी खुर्च्या उचलायला थांबले.

तेव्हाच बोंब मारायला हवी होती. आज मारून काय उपयोग.

आज सकाळी काकूंकडे गेले. बाराही चित्रं अजून बबल रॅपमध्ये, गराजच्या भिंतीला टेकवलेली.

काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "तेव्हा फोन कुणी केला होता गं? मी किती वेळा विचारलं. 'आठवत नाही' म्हणायचे. ह्यांना न आठवायला काय झालं होतं? गावभरचे नंबर पाठ होते."

मी म्हणाले, "माहीत नाही काकू." चहा संपवला आणि घरी आले.

काकू, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून इथेच लिहिते. सगळ्यांदेखत.

फोन मी केला होता.

"मुलं काय विचारतील" हे काकांना मी ऐकवलं. माझ्या तोंडाने.

आणि हा माणूस त्यानंतरही दर रविवारी मला "ये गं, नवीन काढलंय" म्हणून बोलवत राहिला.

काका, एकदा तरी रागवायचं होतंत माझ्यावर.

शेवटचा नमस्कार.